तुम्ही फक्त आत बसा

त्या नाटकवाल्यांनी मला फसवलं असं म्हटलं की लोक हसतात. एवढं काय मनाला लावून घेता, नाटकच होतं की, म्हणतात. नाटक होतं हे मलाही कळतं. पण ते माझ्या दारात झालं आणि त्यातली एक भूमिका मला न विचारता माझ्या गळ्यात घातली गेली. म्हणून आधी काय ठरलं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, ते क्रमाने लिहितो.

आमचं घर पाटोद्यात, बाजाराच्या मागच्या गल्लीत. मी मोजणी खात्यात आहे. लोकांच्या बांधावर उभं राहून फीत धरायची आणि जे माप येईल तेच सांगायचं, कुणाला आवडो न आवडो, हे माझं काम.

कॉलेजच्या कार्यक्रमासाठी पुण्याहून एक मंडळी आली होती. एक जुनी गाजलेली कादंबरी ते रंगमंचावर न करता आमच्या गल्लीत करणार होते. प्रेक्षकांनी खुर्चीवर बसायचं नाही. नटांच्या मागे फिरायचं, खिडक्यांतून डोकवायचं, वस्तू हाताळायच्या. फक्त तोंडाला पांढरा रुमाल बांधायचा आणि एक शब्द बोलायचा नाही. कल्पना मला आवडली होती. कादंबरी आमच्या घरात कुणी वाचलेली नव्हती.

दिग्दर्शक घर बघायला आला. तिशीतला, बोलायला गोड.

"काका, नायिका सासरहून माहेरी येते. तुमच्या दारात उभी राहते. तिथून पुढे विहिरीकडे जाते."

"आणि आम्ही काय करायचं?"

"तुम्ही फक्त आत बसा. काहीच करायचं नाही."

ओट्याची किती जागा लागेल, भिंतीत खिळे ठोकणार का, वायर कुठून नेणार, हे सगळं मी विचारलं. त्याने सगळ्याची नीट उत्तरं दिली. दार उघडतं का, हे मात्र मी विचारलं नाही. लेक दारात आल्यावर दार उघडतं, ही काय विचारायची गोष्ट आहे?

निघताना तो सहज म्हणाला, "मुलगी तुम्हाला काय हाक मारते?"

"दादा." आमच्याकडे बऱ्याच घरांत बापाला दादाच म्हणतात. माणूस आपुलकीने चौकशी करतोय असं मला वाटलं.

माझी मुलगी दिवाळीनंतर सासरहून परत आली होती. पहाटेच्या एसटीने आली. तिने कडी वाजवली आणि मी दार उघडून बॅग हातात घेतली. तिच्या दंडावरचे वळ बघितल्यावर विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. गल्लीने ते सगळं पाहिलं. मग सासरकडून निरोप आला की रविवारी चार माणसं बसवू, पोरीला पाठवून द्या. बैठकीत बोलू, एवढंच मी कळवलं. तिला पाठवायचं नाही हे माझ्या मनात पक्कं होतं. ते तिलाही माहीत असेल असं मी धरून चाललो होतो.

नाटक त्याच्या आधीच्या शुक्रवारी, दिवेलागणीला सुरू झालं. दिग्दर्शक येऊन म्हणाला, "काका, वाऱ्याने दार उघडेल, तेवढी आतून कडी लावा." मी लावली आणि बाजेवर पेपर घेऊन बसलो. बायको आणि मुलगी स्वयंपाकघरात होत्या.

खिडकीत पांढरे रुमाल बांधलेली तोंडं जमली. एकाने गजातून हात घालून माझा चष्म्याचा डबा उचलला, उलटसुलट करून बघितला आणि परत ठेवला. मग कडी वाजली.

"दादा, दार उघडा. मी आलेय."

आवाज परका होता, पण हाक आमच्या घरातली होती.

"दादा, मला तिथं परत पाठवू नका. दार उघडा ना, दादा."

मी खिडकीकडे बघितलं. त्यातलं एकही तोंड नटीकडे वळलेलं नव्हतं, सगळी माझ्याकडे बघत होती. पोरगी दारात रडतेय आणि बाप बाजेवर बसून आहे, हे बघायला ही माणसं गाड्या करून आली होती. तो बाप मी होतो. 'काहीच करायचं नाही' याचा अर्थ मला तेव्हा लागला.

मी मान वळवली तर मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला पीठ तसंच. तीही माझ्याकडेच बघत होती. मी उठतो की नाही, हे बघत होती.

बाजेपासून दार सात फुटांवर आहे. मी उठलो आणि कडी काढली.

ओट्यावरची नटी हात वर करून तशीच थांबली. डोळे पाण्याने भरलेले, पण आवाज बारीक करून मला म्हणते, "काका, उघडायचं नाहीये!"

समोरच्या ओट्यावरून फळवाल्यांच्या खाला ओरडल्या, "अगं उघडलंय की दार! मंग जा ना आत माय, कावून रडायलीस?"

गल्ली हसली. मागून कुणीतरी म्हणालं, "काकाला नाटक पाठ न्हाई बे!"

नटी विहिरीकडे निघाली होती. माझ्या मुलीने बाहेर येऊन तिचा हात धरला. "चल आत. चहा टाकलाय." रुमालवाल्यांना तोही नाटकाचाच भाग वाटला. एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी.

दिग्दर्शक तावातावाने आला. "काका, तुम्ही शेवटच मोडलात! कादंबरीत बाप दार उघडत नाही."

"हे तुम्ही मला सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर तुम्ही अभिनय केला असता. मला खरा बाप हवा होता."

"मिळाला की मग. आमच्या पोरीचं तुम्हाला माहीत होतं?"

"चहाच्या टपरीवर कानावर आलं होतं. म्हणूनच हे घर निवडलं. प्रसंगाला वजन येतं त्याने."

माझ्या पोरीच्या दंडावरच्या वळांनी याच्या प्रसंगाला वजन येणार होतं. मी वायरी काढून त्याच्या हातात दिल्या आणि ओट्यावरून उतरायला सांगितलं. उरलेले प्रयोग त्याने गल्लीच्या टोकाच्या एका कुलूपबंद घरापुढे केले. त्या घरची माणसं ऊसतोडीला गेली होती. तिथे दार उघडायला कुणी नव्हतं.

नटी आमच्याकडे पिठलं-भाकरी खाऊन गेली. तिच्यावर माझा राग नाही.

ती गेल्यावर मुलीने विचारलं, "दादा, कडी कुणी लावलती?"

"मीच. त्यांनी वाऱ्याचं सांगितलं म्हणून."

ती ताटं उचलत राहिली. मग म्हणाली, "रविवारी मी बी बसणार बैठकीत."

"बस. आणि मी काय सांगणार ते आत्ताच ऐक. तू जाणार नाहीस."

"एवढंच होतं तर आधी नसतं का सांगता आलं?"

बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "मी कवाची म्हणतेय, बोला एकदा पोरीशी."

रविवारी चार माणसं आली. मुलगी माझ्या शेजारी बसली आणि अर्धं बोलणं तिनेच केलं. ती माणसं चहा न घेता गेली. बरं झालं.

परवा त्या दिग्दर्शकाचा फोन आला. आवाज पुन्हा गोड. लोकांना तो शेवट फार आवडला, म्हणाला. पुण्यात प्रयोग तसाच करणार आहोत, बापाच्या कामाला एक चांगला नट मिळालाय, तो उठून दार उघडतो. तुमची काही हरकत?

मी विचारलं, "मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघते, तेही दाखवणार का?"

"कोण मुलगी? काय बघते?"

खिडकीशी एवढे डोळे होते आणि ते एकालाही दिसलं नव्हतं. हरकत आहे, असं सांगून मी फोन ठेवला.