पटावरून कमी केलेलं नाव

पेणच्या एका कॉलेजात मी एकवीस वर्षं शिपाई होते. शिक्षण चौथी. घंटा देणं, पाणी भरणं, नोटीस फिरवणं, ही माझी कामं. पण कोणती मुलगी वर्गात येते आणि कोणती नुसती नावाला आहे, हे माझ्याइतकं ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं.

दरवर्षी सरकारचा सर्व्हे यायचा. मुलं किती, मुली किती, कोणत्या वर्षाला, कोणत्या जातीची, सगळं कॉम्प्युटरवर भरून द्यायचं. एक दिवस ठरलेला असे. त्या दिवशी पटावर जेवढी नावं, तेवढी मुलं धरायची. आधीचा क्लार्क रजिस्टर उघडून बेरीज करी आणि चहाला जाई. लग्न होऊन दोन पोरांची आई झालेलीसुद्धा त्याच्या आकड्यात शिकत असे.

मग त्याच्या जागी एक मॅडम आल्या. त्यांना खोटा आकडा चालत नसे. पट घेऊन माझ्यासमोर बसायच्या.

“ही येते?”

“येते.”

“आणि हा?”

“हा कॅन्टीनपर्यंत येतो.”

“मावशी, तुम्हालाच क्लार्क करायला हवं.”

“करा. खुर्ची पण तुमचीच द्या.”

एका वर्षी आम्ही एका मुलीपाशी अडलो. मिठागरावर काम करणाऱ्याची पोरगी, दुसऱ्या वर्षाला. गणपतीपासून आली नव्हती, फोन लागत नव्हता. मॅडम म्हणाल्या, “घरी जाऊन विचारून याल का?” मी हो म्हटलं. गाव खाडीच्या कडेला. रिक्षा बांधापर्यंत जाते, पुढे चिखल. माझे गुडघे दुखत होते. आज जाते, उद्या जाते करत शनिवार आला आणि मी लेकीकडे रोह्याला निघाले. एसटीत त्या मुलीचा चुलता भेटला. धाटावच्या कारखान्यात शिफ्टला चालला होता.

“पोरगी कॉलेजला का येत नाय रे?”

“कशाला येल? लगीन ठरलंय तिचं. नाय येत आता.”

मला बरंच वाटलं. फेरी वाचली. सोमवारी मॅडमना सांगितलं, “घरून कळलं. नाय येत.” त्यांनी नाव कमी केलं. आकडा सरकारकडे गेला.

दिवाळीनंतर ती आली. आईला कावीळ झाली होती, घर तीच बघत होती. लग्नाचं चुलत्यानं काढलं होतं आणि तिनं नाही म्हटलं होतं. कॉलेज पुरं होईपर्यंत थांबायला बाप कसाबसा तयार झाला होता. मॅडम म्हणाल्या, वडिलांचा अर्ज आण, नाव परत घालते. बाप म्हणाला, कॉलेजनंच नाव कापलं, तर आता थांबायचं कशासाठी? त्यानं सही केली नाही.

दाखला न्यायला आली तेव्हा ती फाटकापाशी माझ्याजवळ थांबली.

“मावशी, मी येत नाय असं ऑफिसात कोणी सांगितलं?”

“मला काय ठाव गो. ऑफिसातलं मला कोण सांगतंय.”

तिला ते पटलं. शिपायाला कोण सांगणार. माघात तिचं लग्न झालं.

आधीचा क्लार्क असता तर ती त्याच्या खोट्या आकड्यात राहिली असती, आणि शिकलीही असती. पण दोष मॅडमचा नाही. त्या खरा आकडा मागत होत्या, मी त्यांना एसटीत ऐकलेला दिला. हे मी त्यांनाही कधी सांगितलं नाही. पुढच्या वर्षापासून रिटायर होईपर्यंत मी प्रत्येक घरी जाऊन विचारलं, बांधापलीकडच्या चिखलातूनही गेले. गुडघे तेच होते.