भट्टीशेजारची पुस्तकं

मिरजेच्या स्टेशनात दक्षिणेकडं जाणारी गाडी लागली, तेव्हा वडलांनी माझी पिशवी माझ्या हातात न देता भीमरावदादांच्या हातात दिली. दादा माझे चुलतभाऊ. सेलमला त्यांचं गलाईचं दुकान होतं आणि नववीतनं शाळा सोडलेल्या मला ते कामाला घेऊन निघाले होते. वडील फौजेतनं रिटायर झालेले, बोलणं कमी. गाडी हलायच्या आधी खिडकीजवळ आले आणि म्हणाले, "पलटनीत मी अक्षर इसरल्याली माणसं बघितल्यात. घरची चिठ्ठी दुसऱ्याकडनं वाचून घेत्यात. तू इसरू नगंस."

एवढंच. जेवत जा, नीट रहा, काही नाही. आईचं तसलं सगळं सांगून घरीच झालं होतं.

गलाई म्हणजे काय हे आपल्या खानापूर-विट्याकडच्या माणसाला सांगायला नको. पण गावच्या यात्रेनिमित्त निघणारा हा अंक आता परगावचे लोकही वाचतात, म्हणून लिहितो. सोनारांचं जुनं, भेसळीचं सोनं आणायचं, मुशीत वितळवायचं, ॲसिडात उकळून त्यातलं तांबं-चांदी काढायचं आणि शुद्ध सोनं परत द्यायचं. काम विश्वासाचं. घरापासनं लांब राहून करायचं.

सेलमला उतरलो आणि डोळ्यांपुढचं मराठीच संपलं. दुकानांवर, बसवर, औषधाच्या बाटलीवर सगळीकडं तमिळ. मराठी फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरात. काही वर्षं मला त्याचं काही वाटलं नाही. मग एकदा गावाकडनं लग्नाची पत्रिका आली. दादांनी ती उलटीपालटी केली आणि माझ्याकडं सरकवली. "वाच बघू, कुणाचं लगीन हाय." दादा सातवीपर्यंत शिकलेले. शाळेत कविता म्हणण्यात पुढं असायचे असं माझी आई सांगायची. आणि आता घरातल्याच लग्नाची पत्रिका त्यांना वाचता येत नव्हती. स्टेशनवर वडील म्हणाले होते तो माणूस माझ्यासमोर बसलेला होता, आणि आणखी काही वर्षांनी मीही तिथंच बसणार होतो.

त्या भीतीनं मी लॅपटॉप घेतला. दहा इंची, छोटा, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका कॉलेजच्या पोराचा जुना. नेटवर मराठी पुस्तकं फुकट मिळतात हे त्यानंच दाखवलं. जुनी, पानाचा फोटो काढून ठेवलेली पुस्तकं. कुठं पान तिरकं, कुठं फोटो काढणाऱ्याचा अंगठा आलेला. पण मराठी. रविवारी भट्टी बंद असायची. राहत्या खोलीत उलट्या खोक्यावर लॅपटॉप ठेवून मी बसायचो.

"वाचून सोनं वितळतं व्हय रं?" दादा म्हणायचे.

"न्हाई दादा. पर वाचलं तर तुमचं बोलणं सोसतं."

हसायचे, आणि भिंतीकडं तोंड करून आडवे व्हायचे. मी मुद्दाम मोठ्यानं वाचायला लागलो. दोन-तीन रविवारांनी भिंतीकडनं आवाज आला, "मागलं परत वाच. तो पाटील खोटं बोलतोय का खरं?" मग ते उठून बसायला लागले. पण लॅपटॉपसमोर नाही, बाजूला. पडद्याकडं बघा म्हटलं की म्हणायचे, "ती बत्ती डोळ्यात खुपती. तू वाच, मी ऐकतो." मला वाटायचं, अक्षर विसरल्याची लाज आहे, टाळतायत. मीही ताणलं नाही. ऐकतायत हेही खूप होतं.

तो लॅपटॉप आम्हीच मारला. दिवसभर तो दुकानातल्या फळीवर असायचा आणि खाली ॲसिडाची भांडी उकळत. आधी चार्जिंग धरेना, मग निम्मी बटणं चालेनात. दुरुस्तीवाल्यानं खोलून दाखवलं तर आतल्या तांब्याच्या पट्ट्या गंजून हिरव्यागार. त्यानं विचारलं, "अण्णा, समुद्रातनं काढला काय?" आतला पंखा हवा ओढून घेतो आणि आमच्या दुकानातली हवा कसली, हे आम्हा दोघांना कळायला हवं होतं. दादा त्या हिरव्या पट्ट्यांकडं बघत राहिले. "रोज ॲसिडाला तांबं खाऊ घालतो आपण, आन् वर फळीवर तांबंच ठेवलं. लय हुशार हावोत गड्या." घरी येईपर्यंत दोघं हसत होतो. दुसऱ्या दिवशी मात्र दोघांचीही तोंडं उतरलेली.

मग मी पुस्तकं वाचायचं ते खास यंत्र घेतलं, ई-रीडर. वहीएवढं, हलकं, आत पंखा नाही. शिवाय आता ते दुकानात नाही, खोलीवरच ठेवायचं, हे शहाणपण आलेलं. चार्जिंग किती दिवस पुरतं ते विसरायला होतं. लॅपटॉपवर वाचताना अर्ध्या तासात मांडी भाजायची, मध्येच कसली तरी सूचना उगवायची. इथं नुसतं पान. तोटा एकच, फोटोवाली जुनी पुस्तकं त्याच्यावर मुंगीएवढी दिसत. त्यामुळं नवी ई-पुस्तकं विकत घ्यावी लागली. पानात जास्त मावावं म्हणून मी अक्षर बारीक केलं आणि सुसाट सुटलो. मोठ्यानं वाचायचं कधी थांबलं ते कळलंच नाही. दादा परत भिंतीकडं तोंड करून झोपायला लागले. विचारलं तर, "तुझं चालू दे."

एका रविवारी मी बाजारातनं भाजी घेऊन आलो, तर दादा दारातल्या उजेडात बसलेले, हातात माझं यंत्र. बघितलं तर एका ओळीत तीनच शब्द. बोट कुठंतरी लागलं होतं आणि अक्षर वाढलं होतं. मग त्यांनी ते आणखी वाढवत नेलं होतं, जेवढं वाढेल तेवढं. ओठ हलत होते. मी दारातच उभा राहिलो. पान संपलं, बोटानं पुढचं आलं. अडखळणं नाही, काही नाही.

"दादा, तुमाला वाचाय येतंय की."

"यायला काय झालं? अक्षर इसरलो न्हवतो रं. दिसतच न्हवतं." यंत्र मांडीवर ठेवून ते रस्त्याकडं बघत म्हणाले, "भट्टीपुढं डोळं गेलं. चष्मा लावला तर सोनार इचारणार, भीमराव, तुला दिसतंय न्हवं? मग माल कोन देईल आपल्याला?"

इतकी वर्षं सोन्याचा रंग त्यांनी अंदाजानं आणि सवयीनं ओळखला होता. आणि ज्या माणसाला अक्षर विसरलेला समजून मी घाबरलो, त्यानं आमची चूल पेटती रहावी म्हणून वाचणं सोडलं होतं. त्या चुलीवर मीही जेवलो, माझ्या बहिणींची लग्नं झाली. दुसऱ्या दिवशी मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. चष्मा झाला. सोनारांसमोर मी बसायला लागलो, ते मागं. एकाही सोनारानं माल थांबवला नाही.

आता दुकान मी चालवतो. दादा कायमचे गावी गेले, जाताना मी त्यांना तसलंच दुसरं यंत्र दिलं. दुपारी शाळेच्या कट्ट्यावर ते वाचत बसतात. अक्षर इतकं मोठं की शेजारी बसणाऱ्यालाही दिसतं, त्यामुळं शेजारी कोणी ना कोणी असतंच. ऊसतोड नसली की आमचा म्हातारा फौजीही तिथं असतो, असं आई सांगते.

मला अजून धाकधूक असते. नववी म्हणजे नववीच. हे लिहितानाही वेलांट्या तपासून घेतल्यात. पण अभिमानही आहे, तो लपवत नाही. आमच्या खोलीतनं गावाला पैसा गेला, तसं वाचणंही गेलं.

पूर्वी गाव म्हटलं की माझ्या मनात ओढा, देऊळ, आमचं दार यायचं. आता आठवतो दादांचा रविवारचा फोन. दोघांनी एकच पुस्तक वाचायला घेतलेलं असतं. पाऊस, उसाचं बिल, कोण आजारी, हे सगळं नंतर, तेही वेळ उरला तर.

"किती वाचलंस?"

"दादा, या आठवड्यात दुकानात लय गर्दी..."

"दुकान मी बी चालवलंय. म्या कवाच संपिवलं ते. शेवट सांगू का?"

"नगा सांगू."

"मग वाच." आणि फोन ठेवतात. गावाकडनं असं कोणी दरडावणारं आहे, तोवर मी घर सोडलंय असं मला वाटत नाही.