भोकं नसलेला वायसर

बाबांची मोटारसायकल माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, आणि तिचे लाडही माझ्यापेक्षा जास्तच झाले. अलीकडे तिचा पेट्रोल कॉक गळायला लागला होता. टाकीखालच्या त्या एवढ्याशा खटक्यातून ओसरीत थेंब पडायचे, घरभर वास सुटायचा, आणि देवापुढे दिवा लावताना आईच्या जिवाला घोर. मी दर आठवड्याला जालन्याहून मेहकरला येतो तो डॉक्टर, गोळ्या, बँक अशी कामं घेऊन. त्यात आता हे. खरं सांगतो, कंटाळून गेलो होतो.

बाबा गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. निवृत्तीला वीस वर्षं झाली, पण दोनेक वर्षांपासून त्यांच्या डोक्यातून नेमकी तीच वीस वर्षं पुसली गेली आहेत. कुणाची तरी म्हैस अडली म्हणत सकाळीच गाडी काढायचे. घर शंभर पावलांवर आलं की चालत्या गाडीवरच कॉक बंद करायचा, ही त्यांची जुनी सवय. नळीतलं उरलंसुरलं पेट्रोल जळून गाडी बरोबर दारात बंद पडायची. शेजारी पैज लावून बघायचे, बाबा कधी चुकले नाहीत.

गेल्या महिन्यात मी आणि आई रिक्षा करून तीन तास त्यांना शोधत फिरलो. हिवरा आश्रमाच्या पुढे एका तुरीच्या शेताजवळ ते गाडीपाशी उभे होते. कॉक बंद. मी ओरडलोच त्यांच्यावर. ते शांतपणे म्हणाले, "घर आलं ना."

या गाडीचा नवा कॉक कुठे मिळत नाही. मिस्त्रीने पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचा तुकडा दिला आणि वायसर घरीच कापा म्हणाला. खटक्याच्या आत रुपयाएवढा रबरी वायसर असतो, त्याला भोकं असतात. खटका फिरवला की भोक वाटेसमोर येतं आणि पेट्रोल खाली उतरतं. जुना वायसर कडक होऊन चिरला होता.

ओसरीत बसून कॉक खोलला. बाबा आत आंघोळीला गेले होते. आईने चहा ठेवला आणि हळूच म्हणाली, "गाडी चालू झाली तं हे निघतीन. मले आता सडकीनं शोधत फिरायची ताकद नाई रे."

मलाही नव्हती. मी वायसर गोल कापला, भोकं पाडली नाहीत, आणि तसाच आत बसवून स्क्रू आवळले.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. खाली वाकून कॉकला बोट लावलं, बोट कोरडं निघालं. "वा! थेंब नाई!" म्हणाले. मग खटका उघडला आणि किक मारली. पुन्हा मारली. चोक ओढला, प्लगची टोपी दाबून पाहिली. एकदा नळी काढून बघितली असती तर माझी चोरी तिथेच पकडली गेली असती. त्यांनी ती पकडावी असं मला मनापासून वाटत होतं. पूर्वीच्या बाबांनी पकडलीच असती, वर चार शिव्याही दिल्या असत्या.

दहा-बारा किका झाल्यावर ते टाकीवर हात टेकून उभे राहिले. धाप लागली होती.

"कॉक चांगला बसोला तू," ते म्हणाले. "गाडीत काई खोट नाई. मीच इसरलो वाटते चालू करायचं."

आई आत निघून गेली.

"दाखव बरं मले," बाबा म्हणाले. "पह्यलेपासून दाखव."

मग मी दाखवलं. कॉक असा उघडायचा, चोक इतका ओढायचा, पाय इथे ठेवायचा. ते माझ्या पायाकडे एकटक बघत होते आणि प्रत्येक गोष्टीला मान डोलवत, मनात घोकत होते.