टेंभी नाक्याचा फुगवटा

लाइटबॉक्सवर तीन ट्रेसिंग एकावर एक ठेवली आणि मला रेष एकच दिसली.

ठाणे, कल्याण, डोंबिवली. तीन हॉस्पिटलं, तीन डॉक्टर आणि रेष एक. मी चष्मा पुसून परत बघत होते, तेवढ्यात मुंबईहून ट्रायलच्या प्रमुखांचा फोन आला.

"काय मॅडम, जुळतंय का?"

"फारच जुळतंय सर."

"मग पास करून टाका!"

"म्हणूनच पास करत नाहीये."

जरा समजावून सांगते. रेडिओथेरपीत किरण द्यायच्या आधी डॉक्टर सीटी स्कॅनच्या फिल्मवर गाठीभोवती रेष काढतात. तिला आउटलाइन म्हणतात. किरण त्या रेषेच्या हिशोबाने पडतात, त्यामुळे रेष चुकली की सगळंच चुकलं. नव्वदच्या दशकात आमची एक ट्रायल होती. घशाच्या कॅन्सरला किरण देताना शेजारची लाळग्रंथी वाचवता येते का, हे बघायचं होतं. आता प्रत्येक डॉक्टर मनाला येईल तशी रेष काढायला लागला तर काय डोंबलाचा निकाल लागणार? म्हणून आधी डमी रन. एकाच पेशंटच्या फिल्म सगळीकडे पाठवायच्या, प्रत्येकाने वर पारदर्शक कागद ठेवून आपापली रेष काढायची, तेच ट्रेसिंग, आणि फिजिसिस्टने, म्हणजे मी, त्या ताडून बघायच्या.

रेषा जुळल्या नाहीत तर काय करायचं, हे मला शिकवलं होतं. तंतोतंत जुळल्या तर काय, हे कोणीच शिकवलं नव्हतं. त्यातून लाळग्रंथीच्या बाजूला रेषेला एक फुगवटा आला होता. पोळी लाटताना कडेने पुरण बाहेर यावं तसा. तिघांचाही, अगदी त्याच जागी.

कल्याणला डॉ. भोईरांना फोन लावला.

"तो फुगवटा कसला हो?"

"तिथे रोग पसरला असणार ना."

"फिल्ममध्ये दिसतोय?"

"दिसत नाही. पण सरांनी उगाच नाही काढला."

सर म्हणजे ठाण्याचे डॉ. सबनीस. भोईर आणि डोंबिवलीचे डॉ. रानडे, दोघेही त्यांच्या हाताखाली शिकलेले. फिल्म हातात पडल्याबरोबर दोघांनी सरांचं ट्रेसिंग मागवून घेतलं होतं. त्यात लबाडी नव्हती, नुसता आदर होता. सर असताना आपली रेष काढणं म्हणजे पंगतीत वडीलधाऱ्यांच्या आधी जेवायला सुरुवात करणं.

"मी तर आता माझ्या पेशंटनाही तसंच काढतो," भोईर म्हणाले. "कालच त्या हिरूबाईंचं काढलं."

हिरूबाई कोपरच्या, डोंबिवलीच्या बाजारात मासळी विकायच्या. आमच्या ट्रायलमधल्या कल्याणच्या पहिल्या पेशंट. किरण घेताना मान हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवतात तो मास्क कल्याणला बनवताना मला म्हणाल्या होत्या, "बाय, थुकीच सुकली तं गिऱ्हाइकाशी भांडू कशी?" लाळग्रंथीला किरणांचा पुरा डोस बसला की तोंड कायमचं कोरडं पडतं. आणि आता सरांचा फुगवटा हिरूबाईंच्या मानेत जाऊन बसला होता. सोमवारी त्यांचे किरण सुरू होणार होते.

मी ठाण्याला सरांच्या केबिनमध्ये गेले आणि फुगवट्यावर बोट ठेवलं.

"क्लासिकल," सर म्हणाले. "रोग सरकतो तो इथूनच." पुढे त्यांनी असं काही लेक्चर दिलं की मलाही क्षणभर पटलं.

शनिवारी मी तिघांना ठाण्यालाच एकत्र बसवलं. तीन भिंतींना तीन लाइटबॉक्स, एकमेकांकडे पाठ करून तीन खुर्च्या. त्याच फिल्मच्या कोऱ्या प्रती.

"म्हणजे मला सुपरव्हिजन?" सर म्हणाले. "अहो, मी एम.डी.चा परीक्षक आहे!"

"मग सर, नियम तुम्हाला माहीतच आहेत."

रानडे दर मिनिटाला मान वळवायचे. "रानडे, समोर!" असं मला एम.डी. झालेल्या माणसाला सांगावं लागलं. भोईर नुसतेच पेन्सिलीला टोक काढत होते. सर मध्येच खाकरले की दोघंही आपली रेष पुसून परत काढायचे.

शेवटी चार ट्रेसिंग लावली. तीन आजची, चौथं सरांचं जुनं. नावं पट्टीने झाकलेली. आजच्या तिन्ही रेषा थोड्या वेगवेगळ्या होत्या, पण आम्हाला चालेल एवढ्याच. फुगवटा एकीलाही नव्हता.

सर बघत बघत चौथ्यापाशी थांबले.

"हे कोणाचं? भोईर?"

"नाही सर."

"रानडे?"

रानडे पंख्याकडे बघत होते.

"अरे, रोग आहे कुठे इथे? आख्खी लाळग्रंथी गिळलीय! याला परत फर्स्ट इयरला बसवा!"

"सर," मी पट्टी काढली, "हे तुमचंच आहे."

मला वाटलं, ट्रायल गेली आणि माझी नोकरीही गेली. सर कागदाला नाक लावून बराच वेळ बघत राहिले. मग एकदम हसायला लागले.

"अहो, हे नवरात्रातलं! खाली टेंभी नाक्याला देवीची मिरवणूक चाललेली. खिडकीखाली सुतळी बॉम्ब फुटला आणि माझा हात उडाला. पुसायचं राहून गेलं."

"पण सर, तुम्ही क्लासिकल म्हणालात..."

"तुम्ही विचारलंत. विचारल्यावर काहीतरी सांगावंच लागतं."

"सर," भोईर रडवेले होऊन म्हणाले, "मी त्याच्यावर स्लाइड बनवलेली."

भोईरांनी कल्याणला जाऊन आधी हिरूबाईंची रेष पुसली आणि फिल्म बघून नवी काढली. ती मी स्वतः तपासली, मगच सोमवारी किरण सुरू झाले. आधी स्वतः काढा, मग सरांना दाखवा, हा नियम सरांनीच लावला.

काही महिन्यांनी हिरूबाई तपासणीला आल्या, तेव्हा सरही कल्याणला आलेले होते. त्यांनी सहज पापलेटचा भाव विचारला आणि जास्त वाटतो म्हणाले. झालं! "मंग भेंडी खा!" इथून जी सुरुवात झाली, ती सर हात जोडेपर्यंत. एवढ्या भांडणात हिरूबाईंनी एकदाही पाणी मागितलं नाही. मी दारात उभी राहून ऐकत होते आणि मला इतका आनंद झाला की सरांच्या मदतीला जायचं सुचलंच नाही.

तेव्हापासून तीन तज्ज्ञांचं एकमत झालं की मी आधी एवढंच विचारते, बॉम्ब कुठे फुटला होता?