रिकाम्या खुर्चीपुढचं उपडं ताट

पत्रकांवर वाढलेल्या मुलीला सरदार आवडत नाहीत. अमरावतीच्या आमच्या घरात बाबा पत्रकं लिहायचे, आई त्यांच्या घड्या घालायची आणि ताई नि मी ती चौकात वाटायचो. सरंजामदार, देवस्थानं, कर्मकांडं, त्यात कुणाचीच गय नसायची. म्हणून २०२१च्या जानेवारीत, ताईच्या आयर्लंडमधल्या घरी, माझी सात वर्षांची भाची चिलखतातल्या एका शूरवीराच्या प्रेमात पडली तेव्हा मी कपाळाला हात लावला.

शाळा बंद होत्या. बाईंनी स्क्रीनवरून गोष्ट सांगितली होती. एका जुन्या राजाचं गोल मेज, भोवती सरदार, आणि एक खुर्ची कायम रिकामी. मनात खोट असलेला कुणी तिच्यावर बसला तर जमीन त्याला गिळणार. मग एक दिवस निर्मळ मनाचा एक तरुण सरदार येतो आणि सरळ जाऊन बसतो. जमीन गप्प.

"आणि त्याचं चिलखत कोण घासायचं? घोड्याला चारा कोण घालायचं?" मी विचारलं.

"ही डिड इट हिमसेल्फ, मावशी."

तिला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र इंग्रजीत, अस्सल आयरिश हेलात येतं.

ताई हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. कोविडचा वॉर्ड भरून वाहत होता, म्हणून ती घरात असूनही वरच्या खोलीत एकटी राहायची. तिचं जेवण दाराबाहेर ठेवायचं. भावजी कॉर्क शहरातल्या औषध कारखान्यात, तिकडेच अडकलेले. आई आणि मी आदल्या वर्षी तीन महिन्यांसाठी आलो होतो, विमानं थांबल्यावर राहूनच गेलो. खाली स्वयंपाकघरात आम्ही तिघी जेवायचो. रेडिएटरजवळची ताईची खुर्ची रिकामी असायची.

एका संध्याकाळी भाचीने प्रेसमधून, म्हणजे आपल्या भाषेत कपाटातून, एक ताट काढलं. त्यात वरणभात वाढला, लिंबाची फोड ठेवली आणि ते ताट त्या खुर्चीपुढे नेऊन मांडलं.

आईचा डाव हातातच राहिला. "हे पान कोनासाठी वाढलं?"

"फॉर मॅम. इट्स द सीट." तिकडे आईला मॅम म्हणतात.

"उचल ते. आत्ताच्या आत्ता उचल!"

पोरीचा चेहरा पडला. तिला कुठून माहीत असणार, की रिकाम्या जागेपुढे वाढलेलं पान आपल्याकडे गेलेल्या माणसाचं असतं? मला मात्र संताप आला. बाबा गेले तेव्हा याच बाईने ते पान वाढू दिलं नव्हतं. नातेवाइकांच्या तोंडावर पत्रक काढलं होतं, आम्ही श्राद्ध का करत नाही म्हणून. त्याच्याही घड्या तिनेच घातल्या होत्या.

"आई, तू? तू हे बोलतेस?"

"पत्रक तुह्या बापासाठी काढलं होतं. ते गेले होते." तिने छताकडे बोट केलं. "हे पोट्टी जित्ती हाय."

माझ्याकडे उत्तर तयार होतं, जवळजवळ छापील. ते गिळून मी पाण्याचा जग भरायला उठले.

शेवटी आजी-नातीने तह केला. ताट राहील, पण त्यात अन्न नाही. "ठेव, पन उपडं," आई म्हणाली. उपडं ताट कुणाचंच नसतं. तेव्हापासून रोज जेवताना ते तिथे पालथं पडलेलं असायचं, आणि त्या खुर्चीवर मला लॅपटॉपसुद्धा ठेवायची मुभा नव्हती.

मार्चमध्ये वॉर्ड हलका झाला. ताईने लस घेतलेली होती. एका संध्याकाळी ती जिना उतरून जेवायला खाली आली. केस विंचरलेले, नाकावर मास्कचा वळ. भाचीने खुर्ची ओढून धरली आणि बसण्याआधी नियम सांगितला: मन निर्मळ हवं, नाहीतर जमीन गिळते.

ताई हसत ऐकत होती. मग तिने खुर्चीवरचा हात काढून घेतला.

"मग मला नाही बसता येणार, पिल्लू."

"व्हाय?"

ताई उपड्या ताटाकडे बघत राहिली. "वॉर्डात एक आजोबा होते. सारखे म्हणायचे, डॉक्टर, दोन मिनिटं बसा ना. मी म्हणायचे, आले हं. मग एकदा मी गेले, तर पलंग रिकामा होता."

धैर्य, त्याग, माणुसकी असे शब्द मी आजवर किती ठिकाणी लिहिलेत. त्यातला एकही त्या टेबलावर ठेवावासा वाटेना.

भाचीने खुर्चीकडे पाहिलं. "ही डिडन्ट नो आयदर, मॅम." बसण्याआधी त्या सरदाराला तरी कुठे ठाऊक होतं, जमीन काय करणार ते? मग ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी तिने खुर्चीचे पुढचे पाय घट्ट धरले. "आय'ल होल्ड इट. सिट."

जमीन फाटलीच असती, तर ही सात वर्षांची पोर आधी गेली असती.

आईने ताट सुलटं केलं, पदराने पुसलं. "बस वं माय," ती ताईला म्हणाली, "भात निवते."

ताई बसली. भाचीने डोळे गच्च मिटले होते. आणि मी, अमरावतीच्या चौकात अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटलेली मी, श्वास रोखून फरशीकडे बघत होते.

फरशी हलली नाही. आईने ताटात भात वाढला.