मारवेलच्या शोधात: बोरिवली, मुलुंड, देवनार आणि पुन्हा मुलुंड

ऑक्टोबरात लोक कासला जातात, फुलं बघायला. मी आणि आई बोरिवलीला गेलो, गवत बघायला. हसू नका, ट्रिप झकास झाली. म्हणजे शनिवार संध्याकाळपर्यंत झकास होती. मग वाट लागली. पण क्रमाने सांगते.

मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. आजोबा गिरणीत होते, बाबा एका ऑफिसात शिपाई आहेत. बी.एस्सी. झाले तेव्हा वाकोल्यातल्या आमच्या गल्लीत पेढे वाटले आणि सगळ्यांना वाटलं, झालं आता शिकून. मग मी सांगितलं की अजून दोन वर्षं शिकायचंय आणि गवतात राहणाऱ्या बुरशीवर काम करायचंय. आईने तेव्हा फक्त "बरं" म्हटलं होतं.

ही बुरशी म्हणजे पावावर येते तशी नव्हे. ती गवताच्या आत, पेशींच्या मधल्या जागेत राहते. तिला एंडोफाइट म्हणतात. बाहेरून काही दिसत नाही, पान हिरवंगार असतं. गवत तिला साखर आणि आसरा देतं. त्या बदल्यात काही जातींची बुरशी गवताला उन्हाचा, कोरडेपणाचा ताण सोसायला मदत करते, काही जाती गवत कडू करून खाणाऱ्यांना लांब ठेवतात. सगळ्याच इतक्या गुणी नसतात. काही नुसत्याच पडून असतात, आणि गवत अशक्त झालं की काही त्याच्यावरच उलटतात. मला हे नातं फार आवडतं. आपण ज्याच्यावरून चपला घासत जातो त्या काडीच्या आत कुणाचा तरी संसार चालू असतो, हे कळल्यापासून मला फुटपाथच्या कडेनं सरळ चालता येत नाही.

माझा प्रश्न साधा होता. मारवेल नावाचं एकच जंगली गवत मुंबईच्या उपनगरांत तीन वेगळ्या ठिकाणी वाढतं. जंगलाशेजारी, उघड्या टेकडीवर आणि कचऱ्याच्या डोंगराजवळ. तर त्याच्या आतला पाहुणा तिन्हीकडे तोच असतो का? माझ्या गाइड मॅडमनी सोमवारची सकाळ मला लॅबमध्ये दिली होती. सोमवारी तिन्ही ठिकाणचं ताजं गवत हातात नसेल तर विषय बदलायचा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. बदली विषयही ठरलेला होता: नळाच्या पाण्याची तपासणी. त्यात वाईट काही नाही. पण माझा जीव गवतात होता.

बाबा म्हणाले, "देवनारला एकटी जायची नाहीस." मैत्रिणी सगळ्या बिझी. शेवटी आई म्हणाली, "मी येते. पंचवीस वर्षं मुंबईत आहे, मुलुंड कुठे बघितलंय मी?"

शनिवार सकाळ, बोरिवली

वाकोल्याहून रिक्षाने गुंदवली आणि तिथून मेट्रो. हायवेच्या वरून, खिडकीला नाक लावून बसायचा हा प्रवास आहे. कांदिवली गेली की उजव्या हाताला इमारतींच्या मागून हिरवे डोंगर डोकवायला लागतात. आई म्हणाली, "ह्यां तर आमच्या गावासारखां दिसता!"

एक महत्त्वाची सूचना: राष्ट्रीय उद्यानाच्या आत गवताची काडीसुद्धा तोडायची नाही. त्याला वनखात्याची परवानगी लागते. माझ्या मैत्रिणीची सोसायटी उद्यानाच्या भिंतीला लागून आहे, तिच्या मागच्या आवारात मी आधीच विचारून ठेवलं होतं. तिथे मारवेल भरपूर. ओळख सोपी आहे. काडीच्या प्रत्येक पेरावर पांढऱ्या केसांचं बारीक कडं असतं आणि वर जांभळट तुरे. आईला एकदा दाखवलं, पुढे तीच मला दाखवायला लागली.

मी मुळासकट दोन-चार ठोंब काढले, झिपच्या पिशवीत घातले, चिठ्ठी टाकली आणि बर्फाच्या डब्यात ठेवले. डबा लहान, तो तिथेच भरला. स्टेशनजवळ पोहे आणि कटिंग. पोहे गोडसर निघाले, आईने अर्धे ठेवले.

दुपार, मुलुंड

बोरिवलीहून मुलुंडला थेट बस मिळाली तर घ्या. वेळ लागतो, पण बसून जाता येतं. मुलुंड पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी नवे टॉवर आहेत आणि त्यांच्या मागे उघडा उतार. काळा खडक, पातळ माती, डोक्यावर ऊन. अशा ठिकाणीही मारवेल कमरेएवढी उभी होती. फुल पॅण्ट घालून जा. तिथे कुसळीही आहे, तिची कुसळं मोज्यांत शिरून पार घोट्यापर्यंत टोचतात.

खडकावर बसून आईने जेवणाचा डबा उघडला. घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. टॉवरचा वॉचमन शिट्टी वाजवत आला.

"काय करताय इथे?"

"गवत नेतोय थोडं," मी म्हटलं. "कॉलेजसाठी."

"न्या, न्या. उद्या तसंही सगळं कापणार आहेत. वाळलं की आग लागते ना इथे." मग डब्याकडे बघून तो म्हणाला, "घावणे का? कुठले तुम्ही?"

"कणकवलीचे," आई म्हणाली आणि त्याच्या हातावर दोन ठेवले. तो सावंतवाडीचा निघाला. पुढचा अर्धा तास गवत बाजूला राहिलं.

संध्याकाळ, देवनार

देवनारबद्दल लोक नाक दाबूनच बोलतात. वास आहे, खोटं कशाला सांगू. वर घारी गोल फिरत असतात. पण रस्त्याच्या कडेला, कुंपणाबाहेर, राडारोड्याच्या ढिगावर मारवेल उभी होती. तिची पानं थोडी अरुंद, पण तुरे तेच जांभळे. मी गुडघ्यावर बसले आणि मला भरून आलं. एवढ्या वाईट मातीत हिला कोण सोबत करतंय, हे मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

शेळ्या घेऊन चाललेली एक बाई थांबली. "बकरी के लिए ले जा रहे हो क्या?"

"नहीं, इस्कूल के लिए," आईने उत्तर दिलं.

बाईने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "इतनी बडी लडकी और अभी तक इस्कूल में?"

आई जोरात हसली. बसस्टॉपपर्यंत तिचं हसू थांबत नव्हतं.

मुलुंड आणि देवनारच्या पिशव्या आईच्या कापडी थैलीत होत्या. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यावरून येणाऱ्या बसमध्ये आम्हांला जागा मिळाली आणि मी लगेच झोपले.

शनिवार रात्र, वाकोला

घरी येऊन थैली उघडली तर आत ओल्या रुमालात गुंडाळलेली एक सुबक जुडी. मुळं खुडलेली, पिवळी पानं काढलेली, काड्या एकसारख्या लावून दोऱ्याने बांधलेल्या. एकच जुडी.

"आई, दोन पिशव्या होत्या ना?"

"प्लास्टिकात घाम सुटला होता गं गवताला. कोथिंबीर कुजते तशी कुजली असती. मग बसमध्ये बसल्या बसल्या निवडून टाकली." तिच्या चेहऱ्यावर काम उरकल्याचं समाधान होतं.

"आणि चिठ्ठ्या?"

"त्या भिजल्या होत्या."

मुलुंडची काडी कुठली आणि देवनारची कुठली, आता जगात कुणालाच सांगता येणार नव्हतं. मी ओरडले. काय बोलले ते लिहीत नाही. नळाचं पाणी, माझं वर्ष, असं सगळं त्यात आलं. बाबांनी टीव्ही बंद केला. आईने आत जाऊन भाताचा कुकर लावला.

जेवताना तिने विचारलं, "दोन गावचं गवत वेगळं ठेवायचं का असतं? गवत तर एकच ना?"

मी इतके महिने तिला फक्त "बुरशीवर काम करते" एवढंच सांगत आले होते. मग ताटावरच सगळं सांगितलं. गवत एकच, पण आत राहणारा वेगळा असेल तर? तेच तर शोधायचंय.

तिने माझ्या ताटात भात वाढला. मग म्हणाली, "अगो, मग ह्यां आधी सांगूक नको? मी काय मुद्दाम केलंय?" आणि लगेच, "उद्या परत जाऊया. दोन्ही एकाच बाजूला आहेत."

"उद्या मुलुंडचं गवत कापणार आहेत, आई."

"तर लवकर जाऊया."

"आणि रविवारची मासळी?" बाबा म्हणाले.

"तुमका हात नाय?"

रविवार, पुन्हा मुलुंड

आम्ही पहाटेच निघालो. तरी उताराला लागलो तेव्हा मशीनचा आवाज ऐकू येत होता. कालचा कमरेएवढ्या गवताचा उतार हजामत केल्यासारखा दिसत होता. खांद्यावर कटर अडकवलेला माणूस चष्मा वर करून म्हणाला, "झालं ताई, आता काय घेणार?"

कापलेल्या ढिगातून काही घेता येईना. मशीनने चुरा केलेला, दहा प्रकारचं गवत एकत्र आणि मातीत लोळलेलं. मी कालच्याच खडकावर बसले. रडू येत होतं, पण आईसमोर रडायचं नव्हतं. काल ओरडून झालंच होतं.

आई मात्र उकिडवी बसून खुंट चाचपत पुढे पुढे सरकत होती. मी म्हटलं, "आई, राहू दे. पानंच नाहीत."

"पानातच राहते काय ती तुझी बुरशी?"

मी खडकावरून उठले. नाही, पानातच नाही राहत. काडीत राहते, मुळात राहते, जमिनीलगतच्या बुंध्यातही राहते. मी पानांवर काम करायचं ठरवलं होतं, कारण पानं कापायला सोपी. बोरिवलीचे ठोंब मी मुळासकट आणले होते, म्हणजे त्यांचे बुंधे शाबूत होते. देवनारहून आज तसेच आणता येतील. मग तिन्हीकडचे बुंधेच का तपासू नयेत?

तिथेच उभ्याउभ्या मॅडमना फोन लावला. रविवारी, सकाळी. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चालेल. पण तिन्हीकडचा भाग एकच हवा. आणि ते मारवेलच आहे याची खात्री कर."

खात्री करायला जमिनीलगतचं एखादं पेर तरी शाबूत हवं होतं. मशीनने बहुतेक सगळं खरवडून नेलं होतं. आम्ही दोघी उतारावर वाकून फिरलो. आई एका टोकाकडून, मी दुसऱ्या. ऊन तापलं, कटरवाला शेवटी मशीन ठेवून बघत बसला.

"माझ्या आईने गवतात कानातलं हरवलेलं, तेव्हा असं शोधलेलं," तो म्हणाला.

"सापडलं काय?" आईने विचारलं.

"नाही."

"गप रे मग."

खडकांच्या खाचांत पातं पोचलं नव्हतं. तिथे वीतभर खुंट उरले होते आणि त्यांच्या खालच्या पेरांवर ते पांढरं कडं होतं. मी खुरप्याने ठोंब काढले. या वेळी आधी कागदात गुंडाळले, मग पिशवीत घातले, कारण प्लास्टिकात घाम सुटतो हे आईचं बरोबरच होतं. चिठ्ठी आईने लिहिली, मोठ्या अक्षरात: मुलुंड. मग देवनारला जाऊन तिथले ठोंब काढले, त्यांची चिठ्ठीही तिनेच लिहिली, थैलीच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवली आणि घरी येईपर्यंत थैलीला कुणाला हात लावू दिला नाही.

परत

सोमवारी लॅबमध्ये बुंध्यांचे तुकडे स्पिरिटने आणि जंतुनाशकाने धुतले, म्हणजे बाहेरचं सगळं मेलं, आणि बुरशीचं खाद्य घातलेल्या काचेच्या बशांत ठेवले. शेवटच्या धुण्याचं पाणीही तशाच एका बशीत ओतून ठेवलं. त्या बशीत काही उगवलं तर धुणं फसलं आणि सगळंच वाया. आठवडाभर मी रोज आधी त्या बशीकडे बघायचे. ती कोरी राहिली. बोरिवलीच्या तुकड्यांतून राखाडी बुरशी आली, देवनारच्यातून काळसर. मुलुंडच्या तुकड्यांतून काही उगवेचना. अगदी शेवटी त्यांच्या कापलेल्या कडांमधून पांढरे, कापसासारखे धागे बाहेर आले. ही सगळी कोण आहेत हे कळायला अजून बरेच महिने लागतील. एका भेटीच्या गवतावरून मोठं काही म्हणताही येणार नाही. पण विषय माझाच राहिला.

तुम्हांला जायचं असेल तर ऑक्टोबर उत्तम. मेट्रो, बस आणि चहा मिळून दोघींचे दिवसाला चारशेच्या आत भागले. टोपी घ्या, पाणी घ्या, घावणे जास्तीचे घ्या. गवत आणू नका, बघून या. आणि सोबतीला येणाऱ्या माणसाला, आपण कशासाठी चाललोय ते निघायच्या आधी नीट सांगा. मी मुंबईची उपनगरं बघून आले. पण माझ्या कामाविषयी आईने विचारलेले प्रश्न मला त्यांच्याहून जास्त लक्षात राहिलेत.

मुलुंडच्या बशीचा फोटो मी तिला पाठवला होता. संध्याकाळी घरी आले तर ती दारात उभी राहून शेजारच्या मावशींना मोबाइल दाखवत होती.

"बुरशी इली?" मावशी हळहळल्या. "अरे देवा. मग फेकून दी गो."

"फेकून कशी दिऊ?" आई म्हणाली. "त्याच्यासाठी तर दोनदा मुलुंडाक गेलंय!"