बारूदखान्याचा राखणदार

इकडं ये, जवळ बस. नांदेडला इतकी वर्षं राहतेस अन् आमच्या उदगीरकडचा बारूदखाना बघितला न्हाई म्हणतेस? शोभतं का तुला?

जर्मनच्या लढाईत फौजेनं दारूगोळा ठेवायला तो बांधला. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा लई दुष्काळ होता, अन् आम्ही बाया रस्त्याच्या कामावर होतो. मुकादम म्हणाला, "दगड कमी पडून राहिला. ती बारूदखान्याची रिकामी इमारत पाडा."

दारात विटक्या खाकी सदऱ्यातला म्हातारा राखणदार बसला होता. म्हणाला, "माय, चपला काढून आत जा." काढलेल्या चपला तो वाकून आपल्या हातानं जोडीजोडीनं लावत होता. बारूदखाना म्हंजे काय हे आम्हाला तेव्हा कुठं ठाऊक, वाटलं दर्गाच हाय. डोक्यावर पदर घेऊन आत गेलो, गार अंधारात हात जोडून आलो.

बाहेर येऊन मी विचारलं, "बाबा, कोणत्या पीराची जागा हाय?"

"पीर न्हाई माय. बुटाच्या नालेची ठिणगी उडून बारूद पेटंल, म्हणून फौजेचा हुकूम होता."

"आता कुठं हाय बारूद?"

"न्हाई. पण चपला काढून आत गेलेलं माणूस भिंत फोडत न्हाई."

खरंच, एकीनंही पहार उचलली न्हाई. मुकादम कामावरून काढायची धमकी देऊन थकला, मग आम्हाला खदानीवर घेऊन गेला.

आता तिथं जुनी वास्तू म्हणून सरकारी पाटी हाय. पाटीवर फौजेचं नाव हाय, त्या राखणदाराचं न्हाई. मीही त्याला कधी नाव विचारलं न्हाई. माझे गुडघे चालून राहिले तोवर लौकर ये बाई, मी घेऊन जाते तुला.